एक वीत अंतरावरचा हात

मामाजी, उद्या सकाळी सामानाचा ट्रक येणार आहे. हे घर सोडून आम्ही नव्या रायपूरला जातो आहोत, सरकारी क्वार्टरमध्ये, चौथ्या मजल्यावर. तुमचा मुलगा खाली भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळतो आहे आणि दर दहा मिनिटांनी "हे ठेवाचं का फेकाचं?" म्हणून ओरडतो आहे. मी गच्चीच्या जिन्यात बसून हे लिहिते आहे. सासऱ्याला पत्र लिहिणारी सून तुम्ही पाहिली नसेल, आणि बावीस वर्षांपूर्वी मेलेल्या सासऱ्याला लिहिणारी तर नाहीच नाही. बोलताना मला आपली मराठी येते, कागद पुढ्यात आला की शाळेतली येते, तेवढं सांभाळून घ्या. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे आणि ती या घरात असतानाच सांगायला हवी.

मी अमरावतीहून लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा हे नवं राज्य नुकतंच झालं होतं. पानठेल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांनी पाटीवर "राजधानी" लिहून घेतलं होतं. मलाही नोकरी लागली ती या नव्या सरकारातच, आवक-जावकच्या टेबलावर. कचेरी भरायची एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत. माझ्या खोलीच्या दारावर अजून वॉर्डाचा नंबर होता आणि फरशीवर खाटांच्या पायांचे गंजलेले डाग. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. घरात आपण तिघंच. तुम्ही रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, तुमचा मुलगा सिलतऱ्याच्या कारखान्यात शिफ्टवर, आणि मी, जिला पोळ्या जमत होत्या पण सासऱ्याशी काय बोलायचं ते जमत नव्हतं. तुम्हाला चहा द्यायचा तर कप टेबलावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही, हे आईनं बजावून पाठवलं होतं. सासऱ्याच्या हाताला सुनेचा हात लागता कामा नये. पायांना लावायचा, तो सणावारी.

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. सकाळी कपडे वाळत घालायला वर आले तर तुम्ही गच्चीच्या मधोमध उभे. गुडघे किंचित वाकलेले, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात छातीपुढे गोल, मोठं मडकं कवेत धरल्यासारखे. मी "मामाजी" म्हणून हाक मारली. ओ नाही. पापणीसुद्धा हलली नाही. बादली तिथंच टाकून मी खाली धावले आणि नवऱ्याला हलवून उठवलं, "अहो, चला लवकर, मामाजीले काहीतरी झालं!" तो कूस बदलून म्हणाला, "काही नाही झालं. चिनी करून राहिले ते. झोपू दे मले." मला काही उमगेना. चिनी म्हणजे साखर हेच मला माहीत.

मग तुम्ही मला बोलावून सांगितलंत. तरुणपणी खरगपूरला असताना दाताच्या कवळ्या बनवणारा एक चिनी म्हातारा तुमच्या ओळखीचा झाला होता. त्याच्या दुकानामागच्या अंगणात तुम्ही दोन वर्षं रोज सकाळी उभे राहिलात. त्या उभं राहण्याला तो चीगोंग म्हणायचा. "ची म्हणजे हवा नाही, पोरी, पण हवेच्या संगं चालते," तुम्ही म्हणालात. "आपल्याकडे प्राण म्हणतेत, तसंच समज. मढ्यात पंपानं हवा भरता येते, ची नाही भरता येत." माणसाच्या अंगात तीन टाक्या असतात, असं तुमचं म्हणणं. एक बेंबीखाली चार बोटांवर, एक छातीत, एक भुवयांच्या मधे. खालची भरली की वरच्या आपोआप भरतात. "लोक उलटं करून राहिले. डोक्याची टाकी गच्च आणि खाली ठणठणाट!" मन जिकडं जातं तिकडं ची जाते, म्हणून मन बेंबीखाली नेऊन ठेवायचं आणि श्वासाला त्याच्या चालीनं चालू द्यायचं. मी "हव हव" करत होते आणि मनात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

मला शिकवायचं तुमच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. गोल बाजारातून तुम्ही माझ्यासाठी पातळ रबरी तळाचे कापडी बूट आणलेत. माप कसं घेतलंत ते अजून मला कळलेलं नाही, पण बूट बरोबर बसले. माहेर सुटल्यावर कुणी माझ्यासाठी न मागता आणलेली ती पहिली वस्तू. मग तुम्ही स्टेशनच्या पाटीला लागतो तसल्या पिवळ्या रंगानं गच्चीवर दोन जोडी पावलं रंगवलीत, समोरासमोर. एक तुमची, एक माझी. पाय खांद्याइतके लांब, गुडघ्यांना कुलूप नाही, काखेत एकेक अंडं मावेल एवढी जागा, जीभ टाळूला, डोकं वरून दोऱ्यानं टांगल्यासारखं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत माझे पाय लटपटले. "लटपटू दे," तुम्ही म्हणालात, "लाइन साफ होऊन राहिली."

आणि मग तो काटा. रोजचं उभं राहणं झालं की तुम्ही दोन्ही तळहात माझ्याकडे करायचे, मी माझे तुमच्याकडे. मधे एक वीत. डोळे बंद. तुम्ही म्हणायचे, "गार्डच्या डब्यात ब्रेकच्या व्हॅक्यूमचा काटा असते. इंजिन पार पुढं, दिसत नाही. पण पाइप जोडलेला आहे का कुठं फुटला, ते मागं बसल्या बसल्या काट्यावर समजते. माणसाचा काटा मात्र त्याच्या सोताच्या डब्यात नसते. दुसऱ्याच्या तळहातात असते. सांग, लागते का काही?"

काही लागत नव्हतं, मामाजी. वारा लागत होता, पायाला डास लागत होता. पण नवी सून सासऱ्याला "नाही" कसं म्हणणार? मी म्हटलं, "हव, लागते." तुम्ही विचारलंत, "काय लागते?" मी म्हटलं, "गरम." डोळे उघडून पाहिलं तर तुमचा चेहरा असा फुलला होता की मला माझंच कौतुक वाटलं. एवढ्यानं म्हातारा माणूस खुश होतो तर आपलं काय जातं, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशीही गरम. तिसऱ्या दिवशीही. पुढं पुढं मी त्यात तिखटमीठही घातलं, "आज उजव्या हाताले जास्त लागून राहिलं, मामाजी." शंकर नगरच्या बागेत सोबत फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना तुम्ही सांगत सुटलात, "आमच्या सुनेचा हात पक्का आहे, काट्यासारखा." तुमचा मुलगा मला विचारायचा, "खरंच काही लागते का तुले?" मी ठसक्यात म्हणायची, "तुम्हाले नाही समजणार."

एकदाच तुम्ही माझ्यावर चिडलात. ऑफिसला उशीर होत होता म्हणून मी शेवटचं न करताच पळत सुटले होते. शेवटचं म्हणजे दोन्ही तळहात बेंबीवर ठेवायचे, तीन श्वास घ्यायचे, जे पसरलं ते गोळा करून खालच्या टाकीत ठेवायचं आणि मग पाय हलवायचा. जिन्यात तुमचा आवाज आला, "थांब! दार उघडं टाकून जातेस काहून? बंद कराचं असते. उघड्या दारातून ज्याले याचं असते तो येते." मी परत वर येऊन तीन श्वास घेतले. तुमचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता, दिवसभर रडू येत होतं.

आता तो दिवस. पावसाळा सरून थंडी नुकती पडायला लागली होती. आदल्या दिवशी जेवण झाल्यावर तुम्ही डावा खांदा चोळत बसला होतात. मुलगा म्हणाला, "बाबा, चला, डॉक्टरले दाखवू." तुम्ही म्हणालात, "गॅस आहे. उद्या सकाळी काटा पाहू. डाव्या हाताले कमी लागलं तर सांगशीन, पोरी, मी जातो दवाखान्यात. मी काही अडाणी नाही." तो माझ्याकडे पाहून हसला. मीही हसले.

सकाळी आपण पिवळ्या पावलांवर उभे राहिलो. मनात माझ्या डब्याची भाजी होती आणि साहेबाला दहाच्या आत हवी असलेली टपाल वही. हात वर केले, डोळे मिटले, आणि तुम्ही विचारायच्या आधीच मला ते लागलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या उजव्या तळहातावर, तुमच्या डाव्या हाताकडून, फ्रिजचं दार उघडल्यावर पायांवर येतं तसं गार. वारा नव्हता. दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता. गार तळहातातून मनगटात चढलं आणि कोपरापाशी थांबलं. मी भ्याले. तुम्ही विचारलंत, "लागते का?" आणि माझ्या तोंडून आलं, "गरम."

सवयीनं आलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. थंड म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कालपेक्षा किती थंड? परवापेक्षा? आणि कालचं, परवाचं मला काही ठाऊकच नव्हतं. माझं सगळं बिंग फुटलं असतं. तेवढ्या क्षणात एवढा हिशेब माझ्या डोक्यानं केला, हे मला आजही पाठ आहे. एक वीत पुढं सरकून मी तुमचा हात धरला असता तरी कळलं असतं. सासऱ्याच्या हाताला हात लावायचा नसतो. मी लावला नाही. तुम्ही समाधानानं म्हणालात, "हव. मग गॅसच आहे," आणि मी "उशीर झाला" म्हणून शेवटचे तीन श्वास न घेताच जिना उतरले. या वेळी तुम्ही हाक मारली नाही.

अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला. घरी पोचले तेव्हा तुम्हाला खाली आणून झोपवलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, गच्चीवर खुर्चीत बसलेले सापडले. हात बेंबीवर नव्हते. छातीपुढे होते, तळहात समोर, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर कदाचित. तुमच्या मुलाला ते "कदाचित" अजून सोडत नाही. दर वर्षी तुमच्या श्राद्धाला तो म्हणतो, "मी जबरदस्तीनं न्यायले पाहिजे होतं." मी पानात खीर वाढते आणि गप्प राहते. त्याचा दोष नाही हे मला माहीत असून गप्प राहते.

तेराव्यानंतर गच्ची झाडायला मी वर गेले. सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ तेरा दिवसांची साचली होती, पाय काळे होत होते. माझी पिवळी पावलं त्या धुळीखाली पार झाकून गेली होती. तुमची लख्ख होती. मी झाडूनं माझी पावलं मोकळी केली, त्यांवर उभी राहिले आणि हात वर केले. काय करायचं म्हणून केलं ते सांगता येत नाही. माफी मागायची असेल. डोळे मिटले आणि एक वीत अंतरावर तुमचा हात होता. तसाच गार, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तोंडून तेच आलं, "गरम, मामाजी." हात खाली गेला. तुम्ही रोज समाधान झालं की हात खाली घ्यायचे ना, तसाच, आधी डावा, मग उजवा.

तेव्हापासून रोज. तुमचा मुलगा म्हणतो, तुमच्या पावलांचा रंग गुळगुळीत लागला असेल म्हणून धूळ टिकत नाही. माझ्या पावलांना त्याच डब्यातला रंग आहे, पण मी वाद घालत नाही. नात तुमच्या मागं झाली. तीन वर्षांची असताना गच्चीवर लंगडी खेळायची, पण तुमच्या पावलांना वळसा घालून जायची. मी म्हटलं, "जा न सरळ, पोट्टे." ती म्हणाली, "वहाँ दादाजी खड़े हैं ना." तुमचा फोटोसुद्धा आम्ही तोवर लावला नव्हता. आता ती कॉलेजात आहे, मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. मागच्या महिन्यात विचारत होती, "मम्मी, रोज छत पे किसको 'गरम' बोलती हो?" मी म्हटलं, "पाण्याले." वर नळ नाही.

एकदा मी ठरवून उत्तर दिलं नाही. पाहू या काय होतं म्हणून. हात खाली गेलाच नाही. माझ्यासोबत जिना उतरला, ऑटोत बसला, ऑफिसात आला. जावक रजिस्टर उघडलं की पानाच्या वर एक वीत गार. शेजारच्या टेबलावरची बाई शाल ओढून घेत म्हणाली, "दीदी, एसी किसने चालू कर दिया?" त्या खोलीत एसी नव्हता. आमच्या ऑफिसाला पंखेच धड नव्हते. दुपारी मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून हळूच म्हटलं, "गरम," तेव्हा कुठं उकडायला लागलं. पुन्हा असा शहाणपणा केला नाही.

तुम्हाला वाटेल, सून भिऊन भिऊन बावीस वर्षं जगली. नाही हो. भीती पहिली दोन-तीन वर्षं. मग सवय झाली, आणि सवयीचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्या मुलीला चीचं काही लागत नव्हतं ती आता भांडं घासतानाही बेंबीखाली श्वास सोडते. गुडघ्याला कुलूप लावत नाही. ऑफिसात कुणी तणतणत आलं तर त्याच्या कुठल्या टाकीत ठणठणाट आहे ते मला दिसतं आणि हसू येतं. तुम्ही शिकवलेलं सगळं मला आलं, तुम्ही गेल्यावर आलं. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, माझा गुरू मेल्यावरच मला शिकवायला लागला?

पण उद्या ट्रक येणार. हे घर ज्यांनी घेतलं ते पाडून नवं बांधणार आहेत, गच्चीसकट. तुम्ही कुठं उभे राहाल, या विचारानं मला आठ दिवस जेवण गेलेलं नाही. शेवटी काल ठरवलं की खरं सांगून टाकायचं. "कमी लागलं तर सांग, मी जातो," असं तुमचंच वाक्य. मी सांगितलं नाही म्हणून तर तुम्ही थांबलात. काटा खोटं बोलला म्हणून गाडी यार्डात उभी राहिली.

आज सकाळी मी ते कापडी बूट घातले. रबर केव्हाच फाटलं आहे, सुतळीनं बांधले. पावलांवर उभी राहिले, मन खाली नेलं, हात वर केले. तुम्ही आलात. नेहमीसारखं गार मनगटात चढलं. मी म्हटलं, "मामाजी, थंड आहे. त्या दिवशीही थंडच होतं. मले त्याच्या आधी कधीच काही लागलं नव्हतं, मी रोज खोटं बोलत होते. मले माफ करा. जा तुम्ही दवाखान्यात."

आणि तुम्ही गेलात. एवढ्या लगेच जाल असं मला वाटलं नव्हतं. नुसती कुणीतरी सांगण्याची खोटी होती जणू. तळहातासमोर काही नाही. नुसती सकाळ. कुठल्या तरी पारा-मोहल्ल्यातला लाउडस्पीकर, सिलतऱ्याकडचा धूर. मी तीन श्वास घेऊन बंद करायला हवं होतं. तळहात बेंबीपर्यंत आणलेसुद्धा. मग खाली पाहिलं तर तुमच्या पावलांवर काळी धूळ उतरत होती, माझ्या डोळ्यांदेखत, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी. अंगठे झाकले गेले. टाचा झाकायला लागल्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही आणि तुमच्या मुलाच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून जे झालं ते लिहून टाकते. मी हात पुन्हा वर केले आणि ओरडले, "नाही, नाही मामाजी, गरम आहे! चुकलं माझं, गरम आहे!" खालून तुमचा मुलगा विचारत होता, "काय गरम आहे?" तुम्ही परत आलात. हात थंडच होता. मला इतकं बरं वाटलं की मी रडले.

पिवळ्या रंगाचा नवा डबा मी ट्रकच्या सामानात दिलेला नाही. माझ्या पिशवीत आहे. नव्या क्वार्टरची बाल्कनी अरुंद आहे, पण मी मोजून आले आहे. समोरासमोर दोन जोडी पावलं मावतात.